पाठीवरचा गूळ

हुमेरा माणसं विसरायची, पण हाताची शीर विसरायची नाही. बारा वर्षं शरणबसप्पा डॉक्टरांच्या लॅबमध्ये रक्त काढून काढून तिची सगळी ओळखपाळख कोपराच्या खळगीत येऊन बसली होती. बाजारात कुणी हसून 'काय मॅडम, ओळखलं का' म्हटलं की ती कसनुसं हसायची, आणि त्या बाईनं भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली की मग आठवायचं, अरे, ही तर खोल शिरेची, हिला दोनदा टोचावं लागलं होतं. म्हणून त्या शुक्रवारी दुपारी धाराशिवच्या एसटी स्टँडवर कळंबच्या गाडीची वाट बघत उभी असताना शेजारच्या बाकावरचा हात शालीतून बाहेर आला, तेव्हा तिला आधी तो हातच दिसला, बाई नंतर. डावा हात. कोपराच्या आत वर आलेली शीर, पुढं जाऊन चिमट्यासारखी दुभंगलेली, आणि तिच्या अंगाला तव्यानं भाजल्याचा जुना गुळगुळीत डाग. हा हात मी टोचलाय, असं तिला वाटलं, आणि पाठोपाठ नावही आलं. शिवांजली. ओ निगेटिव्ह. त्या शिबिरातली एकुलती एक निगेटिव्ह. आठवलं म्हणून तिला जरा बरंही वाटलं. तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली म्हातारी म्हणाली, "आरोही, पदर घे कानावर. वारं लागंल."

कानाला फडकं बांधलेली ती पोर मुकाट्यानं पदर ओढून बसली. मांडीवर पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं. आरोही. हुमेरानं ते नाव मनात दोनदा म्हणून पाहिलं. तेही तिला ओळखीचं वाटत होतं, पण दुसऱ्या हाताचं. शिवांजली आणि आरोही, एका घरातल्या दोन जावा, बेंबळीकडच्या. पाच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गरोदर बायकांसाठी तिकडच्या एका शाळेच्या ओसरीवर शिबिर घेतलं होतं. त्रेचाळीस बायका, एक टेबल, एक खुर्ची आणि एकटी हुमेरा. त्या दिवशी तिनं नवा मार्कर काढला होता आणि त्यानं लिहिलेलं पहिलं नाव शिवांजली, हे तिला पक्कं आठवत होतं, कारण शाई नको तेवढी आली आणि बोटाला लागली. आणि ते नाव ज्या नळीवर लिहिलं ती नळी या भाजलेल्या हातातून भरली होती. की नव्हती? त्या दिवशी प्रत्येक हातात हिरवा चुडा होता. भाकऱ्या काय एकच सून थापते का, दोघींचेही हात भाजलेले असतील. तिनं डोळे मिटून ओसरी आठवायचा प्रयत्न केला, तर ओसरी आठवली, फळ्यावरचा सुविचार आठवला, कुणीतरी आणलेला गार चहा आठवला, आणि हात मात्र एकमेकांत मिसळून गेले. आठवायला गेलं की हे असंच होतं. न आठवता जे दिसतं तेवढंच खरं, असं तिला वाटायचं. आता न आठवता दिसलं होतं, आणि त्यावर विश्वास ठेवावा की नाही ते कळत नव्हतं.

समजा, नळ्यांची अदलाबदल झाली असली, तर ही मांडीवर बाळ घेऊन बसलेली पोर निगेटिव्ह. पुढचं हुमेराला मोजावं लागलं नाही, ते तिला झोपेतही आलं असतं. आईचं रक्त निगेटिव्ह आणि पोटातलं बाळ पॉझिटिव्ह, तरी पहिलं बाळ सुखरूप येतं. येताना त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, आणि आईचं अंग ते परकं म्हणून लक्षात ठेवतं. मग पुढचं बाळ राहिलं की तेच अंग त्या बाळाच्या रक्तावर उठतं. एक इंजेक्शन असतं, बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत द्यायचं. दिलं की आईचं अंग विसरून जातं. न दिलं तर विसरत नाही. आणि ही आरोही कागदावर बी पॉझिटिव्ह होती. डॉक्टरांनी वरच्या मजल्यावर तिचं बाळंतपण केलं असणार, कार्डावर आपल्याच लॅबचा शिक्का बघून तोच गट धरला असणार, आणि आज घरी सोडलं असणार. लॅब खाली, बाळंतिणी वर. हुमेरा वर जायची नाही. जायला काही अडचण नव्हती, पण तान्ह्या बाळांच्या खोलीचा तो दुधट वास तिला सोसत नसे.

त्या वासाशी तिची ओळख सहाव्या वर्षीची होती. कळंबला गल्लीत शेजारी शांताक्का राहायची, लिंगायतांची, मोठ्या आवाजाची आणि त्याहून मोठ्या मनाची. अम्मीला हुमेराच्या पाठीवर मुलगा झाला तेव्हा सगळ्यात जास्त हरखली ती शांताक्का. बहिणीच्या पाठीवर भाऊ आला की तिच्या पाठीवर गूळ फोडायचा, ही तिच्याकडची रीत. ही तुमची, ती आमची, असलं तिच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. तिनं हुमेराला अंगणात ओणवं उभं केलं, गुळाचं ढेकूळ पाठीवर ठेवलं आणि वरवंट्यानं हलकेच फोडलं. हलकेच म्हणजे शांताक्काचं हलकेच. आत अम्मीच्या कुशीत साद होता. तो आधी गोरा होता, मग पिवळा झाला, हळद लावल्यासारखा पिवळा, डोळ्यांतलं पांढरंसुद्धा, आणि सहाव्या दिवशी गेला. त्याच्यामागून आणखी दोन आली, एक पोटातच गेलं आणि एक आल्या दिवशी. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं जागा वाईट. आणि पाणी भरायला आलेल्या बायका हुमेराकडं बघत हळू आवाजात म्हणायच्या, हिच्या पाठीवरचं टिकत न्हाय बघा. तेव्हापासून तिला पाठीवर तिथं, दोन खांद्यांच्या मधोमध, ढेकूळ ठेवल्यासारखं वाटायचं. मोठी झाली, लॅबचा कोर्स करायला लातूरला गेली, आणि एका दुपारी पंख्याखाली बसून वहीत उतरवून घेता घेता तिचं पेन थांबलं. पहिलं बाळ सुखरूप येतं. पहिलं बाळ म्हणजे ती. बायका अडाणी होत्या, पण बोलत होत्या ते खरं होतं. तीच आधी आली, आणि तिच्या रक्तानं अम्मीच्या अंगाला पुढच्या तिघांवर उठायला शिकवलं. हे तिनं अम्मीला कधी सांगितलं नाही. आणि अम्मीचं रक्तही कधी तपासलं नाही. सबंध जिल्ह्याचं रक्त पाहिलं असेल, आईचं नाही. न तपासता खात्री होती, आणि तपासलं नाही म्हणून थोडी शंकाही होती, आणि त्या शंकेवरच तिचं बरं चाललं होतं.

बेंबळीची गाडी लागली. म्हातारी उठली, बोचकं उचललं, सुनेच्या काखेत हात घातला. हुमेराला वाटलं, जाऊ द्यावं. हे वाटलं त्याची तिला नंतर फार लाज वाटली, पण वाटलं हे खरं. गाडी गेली असती तर कुणाला काय कळणार होतं? दोन-तीन वर्षांनी त्या घरात एक पिवळं बाळ जन्मलं असतं, कुणी नजर म्हटलं असतं, कुणी जागा बदला म्हटलं असतं, आणि या दुपट्यातल्या जीवाकडं बघून पाणी भरणाऱ्या बायका हळू आवाजात बोलल्या असत्या. धाराशिवच्या एका लॅबमधल्या मार्करपर्यंत कुणी पोचलं नसतं. तिचे पाय मात्र निघाले होते. डोक्याचं आणि पायांचं काही ठरलेलं नव्हतं.

"मावशी, जरा थांबा." तिचा आवाज तिलाच चोरटा वाटला. "मी शरणबसप्पा डॉक्टरांच्या लॅबची. बाळाचा एक कागद राहिलाय तिकडं."

"कागद व्हय?" म्हातारी म्हणाली. तिचं नाव सारजाबाई, हे हुमेराला आत्ता आठवलं, कारण शिबिरात सगळं तीच बोलली होती. "त्याला काय, पोरगा यील उंद्या मोटारसायकलीवर. न्हील कागद."

"उद्या नाही. तीन दिवसांच्या आतच लागतो तो. जन्म कधीचा?"

"परवाचा. दिस उगवायला. पर कागदाला तीन दिस कशाचे?" सारजाबाईचे डोळे बारीक झाले. खोटं बोलणाऱ्या माणसाला ओळखायला तिला शाळा लागत नव्हती.

कंडक्टरनं हाक दिली. हुमेरानं खांबाला हात टेकला. "मावशी, शिबिराच्या दिवशी दोघींचं रक्त घेतलं, तेव्हा खुर्चीवर आधी कोण बसलं होतं?"

"हीच की. हिला भवळ यायली होती, उपाशी आणलेली. म्याच म्हणलं, हिचं आधी घ्या."

"आणि कार्डं? कार्डं कुणी दिली माझ्या हातात?"

"म्याच दिली. थोरलीचं वर, धाकटीचं खाली. आमच्या घरात थोरलीचं नाव आधी निघतंय, रीतच हाय तशी." आणि मग, आपण काय बोललो ते न कळताच, तिनं जोडलं, "का हो? काय झालं?"

हुमेराला ती ओसरी दिसली. आता न आठवता दिसली, स्वच्छ. टेबलावर कपाळ टेकून बसलेली पोर, तिच्या डोक्यावरून पुढं आलेला सारजाबाईचा हात, त्यात दोन कार्डं. हुमेरानं वरचं कार्ड घेतलं, नाव वाचलं, नळीवर लिहिलं, आणि खुर्चीतल्या पोरीला विचारलं नाही. तुझं नाव काय, एवढंच विचारायचं असतं. कोर्समध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, आणि त्या दिवसापर्यंत ती न चुकता विचारत आली होती. का नाही विचारलं? गर्दी होती म्हणून? की त्याच वेळी अम्मीचा फोन येऊन गेला होता, आज तुझ्या भावाचा दिवस आहे, जरा दुआ कर, म्हणून? फोन त्याच दिवशी आला होता का? की ते आता जोडत होती ती, चुकीला काहीतरी चांगलं अंथरूण घालायला? ते तिला कळलं नाही, आणि पुढंही कधी कळलं नाही.

"कागद नाही राहिलेला, मावशी. माझी चूक झाली असणार. हिचं रक्त मी थोरलीच्या नावावर लिहिलं. तसं असेल तर हिला आज एक इंजेक्शन लागेल. नाही दिलं तर हिचं पुढचं बाळ जगणं कठीण आहे."

गाडी सुटली. सारजाबाई गाडीकडं बघत राहिली, मग हुमेराकडं. "थोरलीला सातव्या म्हैन्यात दिलं तुमी इंजेक्शन," ती हळूहळू म्हणाली. "पैल्या बाळंतपणात असलं काय न्हवतं. म्या इचारलं बी डाक्तरला, आता कामून? तर म्हणले, कार्डावर हाय." तिनं बोचकं परत खाली ठेवलं. तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे तिलाही सुचत नव्हतं, कारण कार्डं तिनंच दिली होती. "दोन दिसाची बाळंतीण हाय ती. चालवू नगा. रिक्षा बोलवा."

लॅबमध्ये हुमेरानं आरोहीला खुर्चीवर बसवलं आणि नळी हातात घेतली. "नाव सांगा."

पोरीनं सवयीनं सासूकडं पाहिलं. सासूनं तोंड उघडलं आणि, काय वाटलं कोण जाणे, मिटलं.

"त्यांच्याकडं नका बघू. तुम्ही सांगा."

"आरोही," ती म्हणाली. तिचा आवाज हुमेरा पहिल्यांदा ऐकत होती. घोगरा, जरा हट्टी. शीर सापडली. ती सापडणारच होती. काचपट्टीवर तीन थेंब, त्यात औषधाचे तीन थेंब, आणि मग पट्टी हळूहळू डावीकडं उजवीकडं हलवायची. रक्तात वाळूसारख्या गुठळ्या दिसल्या की पॉझिटिव्ह. हुमेरा पट्टी हलवत राहिली. गुठळी दिसावी असं तिला वाटत होतं, सगळं खोटं ठरावं, आपल्या शिरा ओळखण्याचा गर्वही खोटा ठरावा. तिन्ही थेंब तसेच राहिले, लाल आणि मऊ. तिनं पुन्हा केलं. तेच. मग बाळाच्या टाचेला टोचलं. ते लाल होऊन किंचाळलं, आणि त्याच्या थेंबात लगेच गुठळ्या धरल्या, ठसठशीत, कुणालाही दिसाव्या अशा.

शरणबसप्पा डॉक्टर जिना उतरून आले. ते रागावले की त्यांचा आवाज आणखी खाली जायचा. त्यांनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या, कार्ड पाहिलं आणि म्हणाले, "आधी इंजेक्शन. मग त्या दिवसाची सगळी यादी काढ, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. पुन्हा बोलवायच्या. थोरलीला उद्याच. तुझं-माझं सोमवारी बोलू." हुमेरानं मान डोलावली. नोकरी जाईल का, हा विचार आला आणि तसाच निघून गेला. तिचं लक्ष वेगळीकडं होतं. इंजेक्शन घेऊन झाल्यावर आरोही कॉटच्या कडेला बसली होती आणि बाळाच्या टाचेवरचा कापूस दाबून धरत होती.

"ताई, डाक्तरनी समजावलं त्यातलं एक इचारू?" ती म्हणाली. "म्हंजी हिच्यामुळं व्हय? माजं रक्त बिघडलं आस्तं, पुढचं लेकरू गेलं आस्तं, ते हिच्या रक्तामुळं? पैली आली म्हून?"

ती मुलगी होती, हेही हुमेराला आत्ताच कळलं. उत्तर एका ओळीचं होतं आणि वहीत ते पंधरा वर्षांपूर्वी उतरवून घेतलेलं होतं. ती पंख्याकडं बघत राहिली. पंखा फिरत होता. वहीत लिहिलेलं खोटं नव्हतं. पण ते या पोरीच्या मांडीवर ठेवलं की भलतंच काहीतरी दिसत होतं, दोन दिवसांचं, चार बोटांच्या कपाळाचं, कापसाला कंटाळून झोपी गेलेलं.

"नाही," ती म्हणाली. "तिनं काय केलं? ती नुसती आली."

"मग दोष कुनाचा?"

"दोष माझा. मी नाव विचारलं नाही."

हे बोलल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. ती हात धुवायला गेली. नळाखाली ती बराच वेळ हात धूत उभी होती. जे वाक्य तिनं त्या पोरीला दिलं ते खरं होतं की दयेचं, हे तिला ठरवता येईना. आणि खरं असेल तर ते फक्त त्याच पोरीला लागू कसं? रक्ताचा नियम काय घराघराला वेगळा असतो? सारजाबाईनं जाताना तिच्याकडं पाहिलं नाही, पण दारात थांबून म्हणाली, "गाडी सोडून आलीस पोरी, तेवढं बरं केलंस." मग बोचकं सावरून ती रिक्षात बसली.

कळंबला पोचेपर्यंत मगरिबची अजान होऊन गेली होती. अम्मी, म्हणजे बिबीजान, उंबऱ्याशी सुपात तूर घेऊन खडे वेचत बसली होती. दिसत नव्हतं तरी वेचत होती. हुमेरानं पर्समधून रबरी पट्टा काढला, रिकामी नळी काढली, सुई काढली. बारा वर्षांत हे सामान तिनं या घरात कधी आणलं नव्हतं.

"ये क्या?" अम्मी म्हणाली. "तबियत तो अच्छी है मेरी."

"अम्मी, हात दे. और अपना नाम बोल."

"मेरा नाम तेरे कू नैं मालूम?" ती हसली, पण मुलीचं तोंड बघून थांबली. सूप बाजूला ठेवलं, कुडत्याची बाही वर सारली आणि हात पुढं केला. मग म्हणाली, "बिबीजान. लिख ले. पर देखने का क्या है उसमें? निगेटिव्ह है. साद गया तब सोलापूर के डॉक्टर ने सब समझा के बोला था."

हुमेराच्या हातातला पट्टा तसाच राहिला. "तेरे कू मालूम था? मेरे कू कभी बोली नैं?"

"तेरे कू क्या बोलती? छे बरस की जान. औरतां बोलते थे, उनके मुंह बंद कर नैं सकी मैं. तेरे कान में मैं भी वोइच डालूं?" अम्मीनं हात मागं घेतला नाही, तसाच पुढं धरून ठेवला. "फिर तू ये खून का काम सीखी. मैं समझी, अब तो मालूम हो गया होगा. तू पूछी नैं, मैं बोली नैं."

पंधरा वर्षं दोघी एकाच ताटलीत जेवल्या होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की झाकण आपण एकटीनंच धरलंय. हुमेराला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही. अम्मी सरकत जवळ आली आणि तिच्या पाठीवर हात फिरवू लागली, दोन खांद्यांच्या मधोमध, बरोबर त्याच जागी, जसं काही ती जागा तिलाही पहिल्यापासून माहीत होती.

"इधर दुखता है," हुमेरा म्हणाली. "शांताक्का ने गूळ फोडा तब से."

"झूठी," अम्मी म्हणाली. "उस दिन तो तू नाच रही थी. टुकडे पूरे झोली में भर के भागी, किसी कू एक नैं दी. साद के मुंह कू उंगली से चटाई, और बाकी सब अकेली खा गई."

हुमेराला यातलं काहीच आठवत नव्हतं. ती डोळे मिटून आठवत बसली, मग आठवायचं सोडून दिलं. अम्मीचा दुसरा, बाही सारलेला हात तिच्या मांडीवर होता, आणि त्याची शीर ती पहिल्यांदाच बघत होती. हिरवी, सरळ, वर आलेली. नळी तिनं पर्समध्ये परत ठेवली आणि सूप ओढून घेतलं.